चौघांसाठी जागा

घाटकोपर, २० एप्रिल

आई,

वर काय लिहायचं तेच सुचत नव्हतं. शाळेत शिकवलेलं 'तीर्थरूप' लिहून बघितलं, मग खोडलं. नुसतं आई राहू दे.

फोन केला असता, पण तुझा फोन हर्षद उचलतो आणि माझा आवाज ऐकला की "आई झोपलीय" म्हणतो. दुपारी बारालाही तू झोपलेलीच. पत्राचं बरं असतं. पोस्टमन खालच्या पेटीत टाकतो आणि ती पेटी उघडायला तूच जातेस. माझ्या भावाला जिने उतरायचा कंटाळा, तो काही बदलला नसेल.

काही मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते.

श्रुतिका पाच वर्षांची झाली. तुझी नात. तू तिला पाहिलेलं नाहीस म्हणून सांगते, कपाळ आणि भुवया पप्पांच्या आहेत, राग तुझा आहे. विकी दीड वर्षापासून कुवेतला आहे, तिथे बिल्डिंगांच्या गच्चीवरचे एसी दुरुस्त करतो. इथे मी, श्रुती आणि सासूसासरे. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. सासूबाईंना शकुआई, कारण नुसतं आई म्हणायला जीभ वळली नाही. त्यांनीही आग्रह केला नाही. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे, स्टेशनजवळच्या.

उन्हाने वाट लागली आहे. आमचं घर डोंगरावर, वर पत्रा. दुपारी भांड्याला हात लावला तर चटका बसतो. शेजारच्या माणिकमावशी पत्र्यावर ओली गोणपाटं टाकतात, ती बघता बघता वाळतात. मागच्या आठवड्यात श्रुती घरात खेळता खेळता खाली बसली आणि नुसती बघतच राहिली, हाक मारली तरी ओ नाही. बाबांनी तिला खांद्यावर टाकलं आणि सगळ्या पायऱ्या उतरून खाली मेट्रोच्या पुलाखाली नेलं. तिथे सावली असते, वारा असतो. आता ते रोज दुपारी तिला तिथे घेऊन बसतात. वर्कशॉपमध्ये आयुष्यभर वेल्डिंग केलेला माणूस, गरमीबद्दल एक शब्द बोलत नाही. पण परवा म्हणाले, "हे ऊन आपल्या ओळखीचं नाही."

मागच्या भिंतीला एक तडा गेलाय. उन्हाने जातो म्हणतात.

पप्पा गेले तेव्हा हर्षदने मला दुसऱ्या दिवशी कळवलं, सगळं आटपल्यावर. ते मी अजून गिळलेलं नाही. पण आज त्यासाठी लिहीत नाहीये. तुमच्याकडे निदान वर चार मजले आहेत, पत्रा नाही, म्हणून तुला कमी त्रास होत असेल असं वाटलं, आणि मग वाटलं विचारावं. गुडघे कसे आहेत?

दिशा


घाटकोपर, २८ मे

आई,

मागच्या पत्रात लिहिलं होतं की काही मागणार नाही. आता मागते आहे.

यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, ते तुलाही दिसलं असेल. लोकांनी ताडपत्र्यासुद्धा आणल्या नव्हत्या. महिनाभर भाजलेली माती, त्यावर एकदम एवढं पाणी. आमच्या मागे डोंगराचा जो भाग आहे तिथे उन्हाने भेगा पडल्या होत्या, हात जाईल एवढ्या. सगळं पाणी त्यात गेलं. पहिल्याच दिवशी मोरीतून लाल चिखल वर आला. मी तुला लिहिलं होतं ना, भिंतीला तडा गेलाय म्हणून? तेव्हा मी कमी करून लिहिलं होतं. त्यातून आता पलीकडचं झाड दिसतं.

दारावर नोटीस लागली आहे, धोकादायक, घर रिकामं करा. दरवर्षी लागते, बाबा म्हणतात, यंदा फक्त लवकर लागली. दुसरीकडे खोल्या मिळतील म्हणतात, पण त्या इतक्या लांब आहेत की माझी नोकरी सुटेल, आणि नोकरीशिवाय भागणार नाही. भाड्याने बघतेय. मुलुंडला एक खोली जमत आली होती. बाई चांगल्या बोलल्या, श्रुतीला खडीसाखर दिली. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, आमच्या पुतण्याला हवी आहे.

तू म्हणशील, भोग आपल्या कर्माची फळं. तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस. जात सोडून चाललीस तर घरही सोड, हे तुझे शब्द आहेत आणि मी ते ऐकून गेले. सहा वर्षांत उंबऱ्यावर आले नाही.

आता विचारते. रोज नको. ज्या दिवशी मोठ्या पावसाचा इशारा असेल, त्या दिवसापुरतं आम्हाला चारकोपला येऊ दे. बाहेरची खोली पुरेल. मी, श्रुती, बाबा आणि शकुआई. चौघांना जागा हवी आहे. शकुआईंना जिना चढवत नाही, त्यांना हर्षदने हात दिला तर बरं होईल.

विकीला यातलं काही सांगितलेलं नाही. तू सांगायला जाणार नाहीसच.

दिशा


घाटकोपर, १२ जून

आई,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. "तू नी चेडू घराक येवा. म्हाताऱ्यांची सोय तेंका करूक सांग."

तुझं अक्षर इतक्या वर्षांनी बघितलं, म्हणून पाकीट फोडायच्या आधी पत्ताच दोनदा वाचला. खोटं कशाला बोलू. मग वाचलं. मी आणि श्रुती यायचं, बाबा-शकुआईंनी नाही.

बाबा समोरच बसले होते. "काय म्हणते तुझी आई?"

"तब्येत विचारलीय सगळ्यांची."

"दोन ओळीत?"

त्यांनी चहा संपवला आणि मग जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. विकीलाही माहीत नसावं.

ते जालन्याकडचे. बहात्तरच्या दुष्काळात ते आठ-नऊ वर्षांचे होते. आईबरोबर खडी फोडायला जायचे. तिथे सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाची, त्यासाठी रांग. पाण्याचा हौद एकच, पण त्यांच्या जातीच्या लोकांनी त्याला हात लावायचा नाही. वरून कुणीतरी ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. एक दिवस ओतणारा माणूस गप्पा मारत बसला. ऊन असं की पायाखालची खडी तापलेली. बाबांची आई ओंजळ तशीच धरून उभी राहिली आणि उभ्याउभ्या खाली पडली. तेव्हा तो उठला आणि त्याने पाणी तिच्या तोंडावर ओतलं, लांबून.

"जगली ती," बाबा म्हणाले. "पण त्या दिवशी रात्रीच मला मामाबरोबर कुर्ल्याला धाडलं. म्हणाली, जिथं मागून प्यायला लागणार नाही तिथं ऱ्हा. दिशा, मी हे घर बांधलं. पायऱ्यांवरून एक एक गोणी डोक्यावर आणली. आता म्हातारपणी मी कुणाच्या दारात उभा ऱ्हाणार नाही. तू पोरीला घेऊन जा. तुझं माहेर आहे."

शकुआईपण तेच म्हणाल्या. "जा गं. आमचं काय, आमचं होऊन गेलं."

मी गेले नाही. येणारही नाही, आई. चौघांना बोलावलंस तर येईन.

आणि हे तुला सांगायचं नव्हतं, पण दुसरं सांगायला कुणी नाही. विकी पडला. मे संपता संपता, गच्चीवर काम करताना. तिकडे दुपारचं काम बंद ठेवतात ते जूनपासून, त्याच्या आधीच. बरोबरच्या नेपाळी मुलाने ओढत सावलीत नेलं. तीन दिवस शुद्ध नव्हती, किडनीवर परिणाम झालाय म्हणतात. आता बोलतो, आवाज बारीक झालाय. म्हणाला, "आमच्या खोलीत सहा जणं आहेत, सहा गावचे. ह्याच्या गावचा पूल वाहून गेला, त्याच्या गावात दोन वर्षं पाणी नाही. सगळे रोज फोन लावतात आणि सगळे घरी सांगतात, मी मजेत आहे." मग म्हणाला, "तुमचं कसं चाललंय?"

मी म्हटलं, मजेत.

दिशा


घाटकोपर, १६ जुलै

आई,

परवा आम्ही निघालो तेव्हा तू दारात उभी राहून विचारलंस, "काय कमी पडलां?" मी उत्तर न देता जिना उतरले. आता देते.

तू हर्षदला पाठवलंस, चौघांना घेऊन ये म्हणून सांगितलंस, त्याने गाडी केली, शकुआईंना अक्षरशः उचलून वर आणलं, ते सगळं मी विसरलेले नाही. श्रुतीला जवळ घेताना तुझा चेहरा बघितला मी. तू तिच्या भुवयांवरून बोट फिरवलंस आणि आत निघून गेलीस. मला वाटलं, झालं. सहा वर्षं संपली.

मग जेवायला बसलो आणि तू कागदी ताटं मांडलीस.

"पावसात भांडी घासणारी बाई येत नाही," म्हणालीस. सगळ्यांना कागदी. बाबांना, शकुआईंना, मला, श्रुतीला, हर्षदला, स्वतःलासुद्धा. चहा कागदी कपात. कुणी काही बोलूच शकणार नाही. वेगळं कुणाला काही दिलंच नव्हतंस. आई, तू हुशार आहेस. मला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खरंच वाटत होतं की बाई येत नसेल. मग मी ओट्याशी आले आणि बघितलं, बाई भांडी घासत होती. तुझी आणि हर्षदची, सकाळच्या न्याहारीची, आम्ही उठायच्या आधीची.

बाबांना पहिल्याच जेवणाला कळलं होतं. मला नंतर म्हणाले. तरी ते दोन दिवस नीट जेवले. भाताला चव आहे म्हणाले, तुला आठवत असेल. तिसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला आणि त्यांनी पिशवी उचलली. शकुआई म्हणाल्या, "अहो, इशारा अजून आहे." ते म्हणाले, "असू दे."

तू विचारलंस काय कमी पडलं. स्टीलची चार ताटं, आई.

आता परत बोलावू नकोस. त्यांना मी पुन्हा आणू शकणार नाही. आणि त्यांना सोडून मी येणार नाही. म्हणजे आता कुणीच येणार नाही. डोंगर आहे तसाच आहे. मागच्या भिंतीला बाबांनी लोखंडी टेकू वेल्ड करून लावलाय. रात्री तो कुरकुरतो.

दिशा


कांजूरमार्ग, ३१ ऑगस्ट

आई,

पत्ता बदलला ते दिसेलच. ही खोली हर्षदने त्याच्या मित्राकडून मिळवली. आडनाव त्यानेच आधी सांगून टाकलं होतं, असं तो मित्र म्हणाला. मला हर्षद यातलं काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलात आपण एकमेकींशी धड चार वाक्यं बोललो नाही. काय झालं ते तुला हर्षदकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं असणार. मी नीट सांगते. एक गोष्ट अशी आहे जी मी कुणालाच सांगितलेली नाही, तीही लिहिते.

शनिवारपासून पाऊस थांबलाच नव्हता. मंगळवारी सकाळी खालून भोंग्यावर सांगायला लागले, डोंगरावरच्या सगळ्यांनी शाळेत या. गल्लीतल्या पोरांनी शकुआईंना खुर्चीत बसवून खाली नेलं. मी श्रुतीला घेऊन मागोमाग गेले. शाळेत पोचल्यावर बघितलं तर बाबा नाहीत.

श्रुतीला शकुआईंपाशी ठेवून मला एकटीला वर जाता आलं असतं. मी तिला ठेवलं नाही. तिला बरोबर घेऊन वर गेले. हेच ते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा खाटेवर बसले होते. मागच्या भिंतीतून पाणी येत होतं, लाल, खाली लाद्यांच्या फटींतूनसुद्धा. टेकू वाकला होता.

"परत कशाला आलीस?"

"तुम्हाला न्यायला."

"मी येत नाही. शाळेत फरशीवर झोपायचं, खिचडीच्या रांगेत उभं ऱ्हायचं. एकदा उभा राहिलो रांगेत, लहानपणी. तेवढं पुरे. तू पोरीला घेऊन खाली जा."

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. श्रुतीला मांडीवर घेतलं.

"काय करतेस?"

"बसलेय."

"दिशा, भिंत बघ."

"बघितली. तुम्ही उठलात की आम्ही उठतो."

ते ओरडले. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. येडी झालीस का, पोरीचा जीव घेशील का, तुझ्या आईला काय तोंड दाखवू. आई, मी शूर वगैरे नव्हते. माझे पाय आपोआप उठत होते आणि मी ते जमिनीवर दाबून धरत होते. श्रुतीचा हात मी इतका घट्ट धरला होता की ती रडायला लागली, "मम्मी, दुखतंय." तरी सोडला नाही. मागे काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं, आता मी उठणार, तिला घेऊन पळणार आणि हा माणूस इथेच राहणार, आणि विकीला मी काय सांगणार.

बाबा उठले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. श्रुतीला माझ्या हातातून हिसकावून घेतलं आणि दाराबाहेर पडले.

जाता जाता त्यांनी माणिकमावशींच्या दारावर थाप मारली. "माणिक, चल."

"डबे वर ठेवते नि आलेच," आतून आवाज आला. दार उघडं होतं. आत त्या स्टुलावर चढलेल्या दिसल्या, पाठमोऱ्या.

आम्ही थांबलो नाही. थांबायला हवं होतं का, हे मी स्वतःला रोज विचारते. बाबांच्या खांद्यावर श्रुती होती, पायऱ्यांवरून पाणी नाल्यासारखं वाहत होतं. शाळेच्या गेटशी पोचत होतो तेव्हा मागे आवाज झाला. डंपर खडी ओततो ना, तसा. पण थांबेना. मग एकदम शांत झालं, आणि मग माणसांचे आवाज सुरू झाले.

आमच्या घरांची ओळ गेली. आमचं घर, माणिकमावशींचं, त्याच्या पलीकडची दोन. माणिकमावशींचं सोडून सगळी रिकामी होती.

बाबांनी श्रुतीला माझ्याकडे दिलं आणि परत वर धावले. या वेळी मी त्यांना अडवू शकले नाही. गल्लीतल्या माणसांबरोबर ते हातांनी चिखल उपसत होते. एक पत्रा निसटून आला आणि त्यांची मांडी फाटली. मिथुन म्हणून आमच्या गल्लीतला रिक्षावाला आहे, त्याने त्यांना रिक्षात घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. माणिकमावशी संध्याकाळी सापडल्या. पुढचं लिहीत नाही.

मी शाळेत अडकले होते. शकुआईंना उठता येत नव्हतं, श्रुती मला सोडत नव्हती. तेव्हा तुझा फोन लावला. हर्षदनेच उचलला. त्या दिवशी तो झोपलीय म्हणाला नाही. मी म्हटलं, "आम्ही चौघं जिवंत आहोत. बाबा हॉस्पिटलात एकटे आहेत, रक्त खूप गेलंय, मला इथून हलता येत नाही. आईला सांग, नाहीतर नको सांगू." आणि फोन ठेवला. मला खरंच वाटलं नव्हतं की कुणी येईल. मला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं.

शेजारच्या गल्लीतली चेतना श्रुतीजवळ थांबली तेव्हा मी निघाले. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये तू बसली होतीस. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, चपला प्लास्टिकच्या पिशवीत. तू कधी एकटी बोरिवलीच्या पुढे गेली नाहीस, आणि त्या पावसात दोन मेट्रो बदलून आली होतीस. मला बघून उठलीस. गोळ्यांची पिशवी हातात दिलीस. "पाय वाचलो. टाके पडले. सकाळी डॉक्टर परत बघतलो," म्हणालीस. मग म्हणालीस, "चेडू बरां मा?" मी मान हलवली. आणि तू निघालीस, पाणी वाढायच्या आत घरी पोचायचं म्हणून. मला तुला थांबवायला हवं होतं.

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलत नव्हते. हॉस्पिटलात नाही, इथे आल्यावरही नाही. जेवण दिलं की जेवायचे, गोळी दिली की घ्यायचे, श्रुतीशी बोलायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. विकी गेल्या आठवड्यात परत आला, कायमचा, वजन इतकं उतरलंय की श्रुती आधी त्याच्याजवळ जाईना. त्याने विचारलं, "बाबा तुझ्यावर का रागावलेत?" मी म्हटलं, घर गेलं ना, म्हणून असेल.

काल विकी शकुआईंना डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. श्रुती झोपली होती. बाबा खाटेवर पाय पसरून बसले होते. मी बँडेज बदलत होते.

"माझ्यासाठी पोरीला डावावर लावलंस," ते म्हणाले.

"हो."

"मी उठलो नसतो तर?"

"माहीत नाही."

"उठून पळाली असतीस?"

"माहीत नाही, बाबा. खरंच माहीत नाही."

त्यांनी झोपलेल्या श्रुतीकडे बघितलं. "विकीला सांगू नकोस," म्हणाले. "त्याला नाही कळणार. आणि पुन्हा असं करू नकोस."

"तुम्ही पुन्हा बसून राहू नका."

त्यावर ते जरासे हसले. आणि मग त्यांनी मला तुझं सांगितलं. तू मला सांगितलं नाहीस, कधी सांगणारही नव्हतीस, म्हणून मी लिहिते आहे, म्हणजे तुला कळेल की मला कळलंय.

ते म्हणाले, "मला स्ट्रेचरवर टाकलं होतं भिंतीला. त्या दिवशी गर्दी एवढी, कुणाचं कोण काही कळेना. वॉर्डबॉय ओरडत आला, भाऊरावचं कोण आहे, भाऊरावचं कोण आहे. मी म्हणणार होतो कोणी नाही. तेवढ्यात दारातून आवाज आला, मी हंय. तो म्हणाला, तुम्ही कोण त्यांच्या? म्हणाली, मी विहीण तेंची."

"मला वाटलं रक्त गेलं म्हणून भास होतोय," बाबा म्हणाले. "डोळे उघडून बघितलं तर तुझी आईच. टाके घालताना त्या माझा पाय धरून उभ्या होत्या. हातांनी, दोन्ही. मी म्हटलं, अहो सोडा, रक्त लागतंय तुम्हाला. मला म्हणाल्या, गप रवा."

मी बँडेज तसंच हातात धरून बसले होते. बाबा म्हणाले, "गुंडाळ आता, माशा बसतील."

आई, मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. ती ताटं माझ्या डोळ्यांसमोरून अजून गेलेली नाहीत, आणि बहुतेक बाबांच्याही. पप्पांचं तर आहेच. पण तू भरल्या वॉर्डात, अनोळखी माणसांसमोर, कुणी जबरदस्ती केली नसताना ते बोललीस. मी तिथे नव्हते. श्रुती नव्हती. कुणाला दाखवायला बोलली नाहीस.

चारकोपला आम्ही राहायला येणार नाही. ही खोली लहान आहे पण कोरडी आहे आणि मागे डोंगर नाही. पाऊस अजून आहे म्हणतात, सप्टेंबरभर. तू ये. रविवारी विकी घरी असतो, तो तुला स्टेशनवर घ्यायला येईल. तो जरा बुजेल तुला, तू सांभाळून घे.

पत्र संपवत होते तर बाबांनी खाटेवरून विचारलं, "आईला लिहितेस का? विहीणबाईंना माझा जयभीम लिही."

मी म्हटलं, "नमस्कार लिहू का, बाबा?"

"नमस्कार कशाला? जयभीमच लिही. त्या घेतील."

म्हणून तसंच लिहिलंय.

दिशा